अर्ध्या पानाचा उजेड

“सांग बघू रत्ना, तार तुटली तर करंट कुठे जातो?”

हा आवाज तेहतीस वर्षांपूर्वीचा. नागपूरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, स्टोव्हवर चहाचं आधण, आणि नवं लग्न झालेले गोपीनाथ देवस्थळी एक बॅटरी, दोन तारा नि टॉर्चचा इवलासा बल्ब घेऊन बायकोची शिकवणी घेत बसलेले. सातवी पास रत्नप्रभेनं बराच विचार करून सांगितलं होतं, “जिथून आला तिथे. माहेरी.” गोपीनाथ इतके हसले की चहा उतू गेला. मग डोळे पुसत म्हणाले, “अगं वेडे, कुठेच जात नाही. वाहायचा थांबतो, एवढंच.”

कार्तिकातल्या त्या रविवारी, पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर तलावातले शिंगाडे सोलत बसलेल्या माईंना तो आवाज असा ऐकू आला, जणू भिंतीपलीकडून कुणी आत्ताच बोललं. भिंतीपलीकडे गोपीनाथच होते. आता सारे त्यांना आप्पा म्हणत, आणि रत्नप्रभेला माई. आणि आप्पा बाहेरच्या खोलीत धाकट्या भावाला समजावत होते, “शांताराम, तुटतो तो देह. त्याच्याभोवतीचं तेजाचं क्षेत्र तुटत नाही.”

माणूस तोच. करंट मात्र आता कुठे तरी जात होता.

तीन वर्षांपूर्वी, धाकटा मुलगा हेमंत कावीळ होऊन गेला त्या वर्षी, आप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की रशियात पानांचे, हातांचे असे फोटो काढतात ज्यात सभोवारचं तेज उमटतं. कारखान्याच्या हाय व्होल्टेज लॅबमध्ये जन्म घालवलेला माणूस. स्कूटरची इग्निशन कॉइल आणून त्यांनी कोठीच्या खोलीत यंत्र मांडलं. खाली पत्र्याची थाळी, तिच्यावर काच, काचेवर फिल्म, फिल्मवर पान, आणि पान हलू नये म्हणून वरून दुसरी काच. अंगणातल्या पेरूचं एक पान त्यांनी कात्रीनं अर्धं कापलं आणि अर्ध्याचाच फोटो काढला. फोटोत पान आलं ते पुरं. कापलेली बाजू फिकी, धुरकट, चांदण्यासारखी, पण होती. तो पेरू हेमंतनं लावलेला.

तो फोटो आता बैठकीत कॅलेंडरच्या जागी होता. त्याला हार नव्हता, आप्पांना ते चालत नसे. पण दर सोमवारी संध्याकाळी दुसरी पाळी सुटायच्या आत शेजारची आठ-दहा माणसं यायची. कॉइल चालू असताना अंगावर धातू नको, म्हणून आप्पांनी पहिल्या दिवशी दाराशी एक पितळी वाडगा ठेवला होता. घड्याळं, अंगठ्या त्यात काढून ठेवायच्या. वर्षभरात लोक घरूनच धातू उतरवून, आंघोळ करून यायला लागले. शॉक लागू नये म्हणून लॅबमधली जुनी रबरी चटई अंथरलेली, तिला आत येणारा हात लावून कपाळाला लावायचा. यंत्राच्या अर्थिंगसाठी अंगणात खणलेल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात सुरक्षेसाठी पाणी घालावं लागे. आता तिथे मशीन शॉपमधले दत्तात्रय कानिटकर सोमवारी सकाळी अनवाणी येऊन तांब्याभर पाणी घालत आणि चिमूटभर माती कागदात बांधून नेत. वीज कडाडल्यावर येतो तसा तो उग्र वास खोलीत पसरला की सगळे डोळे मिटून श्वास ओढत.

“माझा हा धर्म नाही,” आप्पा बजावायचे. “हे फक्त निरीक्षण आहे.”

“हां साहब,” म्हणून कानिटकर हात जोडायचे.

“माई, मीठ कमी झालंय का बघा ना.” सुचेता उकडलेल्या शिंगाड्याचं ताट घेऊन ओट्यावर टेकली. हेमंतची बायको, सत्तावीस वर्षांची, कॉलनीतल्या शाळेत शिकवणारी. तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा मिठाचं विचारलं होतं.

“मिठाचं राहू दे. कमलिनीताईंची गाडी किती वाजता आहे?”

“साडेसातला. पाचपर्यंत कळवा म्हणाल्यात.” सुचेतानं नखानं एक साल ओरबाडलं. “विश्वासरावांना बदलीवर पहिल्या तारखेला हरिद्वारला हजर व्हायचंय. आता हो म्हटलं तर ते रजा टाकून लग्न करून जातील. नाहीतर मग...”

“तुझ्या मनात काय आहे?”

विश्वास हा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला मुलगा. दीड वर्ष शाळेच्या वाचनालयाला नकाशे काढून देण्याच्या निमित्तानं येत होता. भला, कमी बोलणारा. काल त्याची बहीण कमलिनी ग्वाल्हेरहून येऊन रीतसर मागणी घालून गेली होती.

“मनात आहे, माई,” ती हळूच म्हणाली. “नाही कशाला म्हणू? पण आप्पांनी माझ्या हाताचा फोटो काढलाय. अनामिकेभोवती दोन कडी आलीत. बाकीच्या बोटांना एकेक. आप्पा म्हणाले, दुसरं कडं हेमंतचं. मी काही अडाणी नाही हो, बी.एस्सी. केलंय मी. पण डोळ्यांनी बघितलंय. उद्या मी दुसऱ्याची अंगठी घातली आणि ते दुसरं कडं विझलं, तर? एकदा गेला तेव्हा मी काही करू शकले नाही. आता दुसऱ्यांदा माझ्या हातानंच घालवू?”

माईंच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. त्यांच्या आईची जात्यावरची एक ओवी त्यांच्या ओठांशी आली नि तिथेच थांबली:

तुटलं गं पान, देठाला ओल राही
गेल्या लेकराची, माय वाट पाही

देठाला ओल राही. माईंना ती ओल चांगली ठाऊक होती. साऱ्या घरात त्यांनाच ठाऊक होती.

कारण त्या पहिल्या फोटोच्या आदल्या संध्याकाळी आप्पा त्यांना म्हणाले होते, “उद्यासाठी एक चांगलं पान काढून ठेव.” त्यांनी काढलेलं पान वाकडं, वळलेलं होतं. बाईमाणसानं करावं तेच त्यांनी केलं. यंत्राची वरची काच घेतली, पान तिच्याखाली सपाट पसरलं, वर वरवंटा ठेवला आणि रात्रभर तसंच दाबून ठेवलं. सकाळी सरळ झालेलं पान नि पुसल्यासारखी दिसणारी काच नवऱ्याच्या हाती दिली. अख्ख्या पानाच्या आकारात रस नि ओल त्या काचेला लागलेली. कात्री फिरली ती नंतर.

हे त्यांना तेव्हा समजलं नव्हतं. समजलं पुढच्या महिन्यात, पुरे फोटो येईनासे झाले तेव्हा. आप्पा रोज पान कापत, रोज अर्धंच येई. त्यांचा चेहरा पुन्हा राखेसारखा होऊ लागला. मग माईंनी तेहतीस वर्षांपूर्वीची शिकवणी आठवली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची रत्ना, बाकी सगळं तसंच ठेवायचं. एका शनिवारी त्यांनी पान दाबून दिलं. पुरं आलं. दुसऱ्या शनिवारी ताजं दिलं. अर्धं आलं. तिसऱ्यांदा पान दाबलं, पण काच स्पिरिटनं पुसून दिली. अर्धं आलं. चौथ्यांदा दाबलं आणि पुसलं नाही.

पुरं.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी कोठीच्या खोलीत वरवंटा जाई आणि सोमवारी सकाळी मसाला वाटायला परत येई. अंगठीच्या बोटाचं त्यांना कोडं नव्हतं. सुचेतानं त्याच काचेवर आधी अंगठीसकट हात टेकवला होता, मग आप्पांनी अंगठी काढायला लावली होती.

“चल,” माई उठल्या. “जिलबी निवत असेल.”

बाहेर जिलबीपेक्षा वाद गरम होता. शांताराम, आप्पांचे धाकटे भाऊ, राज्याच्या कचेरीत नोकरी करणारे, नुकतेच शहराच्या दुसऱ्या भागातून, अशोका गार्डनहून टेम्पोनं आले होते. येताना पोहे-जिलबी बांधून आणलेली. पूजापाठी माणूस. मोठा मुलगा जयंत दिवाळीला नागपूरहून आलेला, तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. काका-पुतण्याचं आयुष्यात एका गोष्टीवर कधी एकमत झालं नव्हतं. जयंताची मुंज झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यानं जानवं सायकलच्या चेनमध्ये अडकवून तोडलं, ते शांताराम अजून विसरले नव्हते. आज दोघं एकाच बाकावर बसले होते.

“दादा, मी साफ बोलतो,” शांताराम म्हणत होते. “तू देव मानत नव्हतास, ठीक. या घरात देव्हारा नाही, ते मी वहिनींकडे बघून सोसलं. पण पोराचं श्राद्धही केलं नाहीस! म्हणे, जो गेलाच नाही त्याचं श्राद्ध कसलं.”

“मग? चुकीचं काय बोललो?”

“चुकीचं हे, की आमचा जुना धर्म माणसाला जाऊ तरी देतो! दहा दिवस रडा, तेरावं करा, वर्षानं पिंड द्या. बाबा, तुझं इथलं संपलं, आता पुढे जा. मागच्यांनी जेवावं, हसावं, संसार करावा. तुझा हा नवा धर्म भारी कडक रे दादा. मेलेल्यालाही सुट्टी नाही आणि जितीलाही नाही.”

“काका, क्या बात है!” जयंत नकळत बोलून गेला. “पहिल्यांदा तुमचं म्हणणं पटलं.”

“तू गप रे. तुला पटलं की मलाच शंका यायला लागते.”

सुचेता हसली. आप्पाही हसले. हसताना ते फार सुंदर दिसत, माईंना नेहमी वाटे. रागावून बोलणं त्यांना कधी आलंच नाही.

“जयंता,” ते शांतपणे म्हणाले, “तुझा आक्षेप काय आहे? शास्त्रीय बोल.”

“आप्पा, तो करोना डिस्चार्ज आहे, जास्त दाबाच्या विजेनं हवेत उठणारी चमक. तुम्हीच मला लहानपणी दाखवलाय, लॅबच्या खिडकीतून. ओलावा असला की तो वाढतो, नसला की घटतो. त्यात आत्मा कुठून आला?”

“मी आत्मा म्हटलंय कधी? पण मला सांग, कापलेल्या बाजूला पानच नाही, तर ओलावा कुणाचा?”

जयंतची नजर भिंतीवरच्या त्या पानाकडे गेली.

“मागच्या दिवाळीत तू स्वतः माझ्याशेजारी उभा होतास. पान तू कापलंस. फिल्म तू धुतलीस. काय आलं?”

“पुरं आलं,” जयंत नाइलाजानं म्हणाला. मग खाली बघत, “पण मी नागपूरला जाऊन तसंच यंत्र केलं, आप्पा. तुम्हाला सांगितलं नव्हतं. चाळीसेक वेळा केलं. एकदाही आलं नाही.”

“तुला करून बघावंसं वाटलं?” आप्पांचा आवाज एकदम ओला झाला.

“माझाही भाऊ होता तो.”

पलीकडच्या सडकेवरून साबणवाला ‘ले लो’ करत गेला. माईंनी जिलबीचं पान शांतारामांपुढे सरकवलं आणि हात तिथेच ठेवून बसल्या. चाळीसेक वेळा. पोरगं चाळीस वेळा अंधारात उभं राहिलं, आणि आपण वरवंटा ठेवत होतो.

“तुझं येणार नाही,” आप्पा मायेनं म्हणाले. “तिथे पेरू हेमंतनं लावलेला नाही.”

“याला काय म्हणायचं?” शांतारामांनी कपाळाला हात लावला. “इंजिनियर साहेब, आता फक्त वार लावा नि कथा छापा!”

“काका,” सुचेता म्हणाली. उभीच होती ती, दाराच्या चौकटीला टेकून. “चिडू नका ना. साडेतीन वाजलेत. मला पाचला काहीतरी सांगायचंय. आप्पा, मी तुम्हालाच विचारते. तुम्ही जा म्हणालात तर जाईन. तुम्ही नको म्हणालात तरी माझा राग नाही.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं या मुलीनं त्यांच्या फिल्मा धुतल्या होत्या, नोंदी लिहिल्या होत्या, सोमवारी त्यांच्या बाजूला उभी राहिली होती.

“मी कोण जा किंवा नको म्हणणार, बाळ? विश्वास चांगला मुलगा आहे. मी त्याची ड्रॉइंग्ज बघितलीत, रेघ स्वच्छ असते त्याची. पण हे माझ्या इच्छेवर नको. हेमंतलाच विचारू.” त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “आत्ता पान लावू. तू यंत्राला हात लावून मनात त्याला सांग, की मी जाते. पान पुरं आलं तर तो इथेच आहे, तुला धरून आहे. मग तूच ठरव, धरलेला हात सोडायचा का. अर्धं आलं तर समजायचं, त्यानं स्वतः सोडलं. फिल्म म्हणेल ते मी मान्य करीन.”

“आप्पा, हे कौल लावणं झालं,” जयंत म्हणाला.

“निरीक्षण आहे.”

“मला चालेल,” सुचेता म्हणाली. गळ्यातली साखळी काढून तिनं पितळी वाडग्यात टाकली. टण्ण आवाज झाला.

“रत्ना,” आप्पा उठत म्हणाले, “एक पान आणतेस?”

माई अंगणात आल्या. पेरू आता कौलांच्याही वर गेला होता. खोड साप कात टाकतो तसं सोललेलं, आत गुळगुळीत नि थंड. त्यांनी खोडाला हात लावला. आत कोठीच्या खोलीत खिडकीवर घोंगडी लावल्याचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता.

किती सोपं झालं होतं सगळं. आज रविवार, दुपार. वरवंटा अजून स्वयंपाकघरातच होता. पान ताजं होतं आणि काच त्यांनी कालच लख्ख धुतली होती. काही करायचंच नव्हतं. नुसतं पान तोडून द्यायचं. अर्धं येणार. सुचेता मोकळी, पाचच्या आत कमलिनीताईंना निरोप, पहिल्या तारखेला हरिद्वार. कुणाला कधी कळणार नाही.

त्यांनी पान तोडलं. देठातून ओल आली.

आणि मग? अर्धं पान हातात घेऊन आप्पा दिव्याखाली उभे राहतील. गेला म्हणतील. कावीळ झाली तेव्हा गेला नव्हता, आज गेला. सून जाते म्हणाली नि गेला. तोंडानं ते सुचेताला अवाक्षर बोलणार नाहीत. पण ती पोर जन्मभर नव्या घरात, नव्या नवऱ्याच्या ताटात वाढताना ते अर्धं पान बघत राहील. माईंनी तीन वर्षं एक खोटं मरण टाळलं होतं. आज तेच खोटं मरण त्या सुनेच्या पदरात बांधून पाठवणार होत्या.

हेमंतला मरण एकच आलं होतं. सरकारी दवाखान्याच्या सहा नंबरच्या खाटेवर, पहाटे, त्यांचा हात हातात असताना. ते तरी खरं राहू द्यावं.

“आणलंस?” आप्पांनी तांबड्या दिव्याखालून विचारलं.

कोठीच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे होते. सुचेता रबरी चटईवर. जयंत कॉइलपाशी, हाताची घडी घालून. शांतारामही आले होते. न मानता का होईना, अंगठी मात्र त्यांनी काढली होती. आप्पांनी कात्री घेऊन हात पुढे केला. त्या उजेडात त्यांचा हात लहान मुलाचा वाटत होता.

माईंनी पान दिलं नाही. त्यांनी पुढे होऊन दाराजवळचं बटण दाबलं. पांढरा दिवा भक्कन लागला.

“अगं, फिल्म!” आप्पा ओरडले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.

“जाऊ दे फिल्म.” माईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “आज ताजं पान आहे, आणि काच धुतलेली आहे. अर्धंच येईल. त्याचा हेमंतशी काही संबंध नाही. सुचेता, तुझ्या बोटाचं दुसरं कडं तुझ्याच अंगठीचं आहे, आधी टेकवलेल्या हाताचं. ते विझायला ते कधी पेटलंच नव्हतं.”

“माई, काय बोलतेयस तू?” जयंत पुढे आला.

“तू नागपूरला चाळीस वेळा केलंस ते बरोबर होतं रे बाळा. चुकलं ते इथे. ओलावा कुणाचा, विचारत होते ना हे? अख्ख्या पानाचाच. मी आदल्या संध्याकाळी पान याच काचेखाली दाबून ठेवत होते. पहिल्या वेळी नकळत. नंतर कळून सवरून. दर रविवारी.”

आप्पांनी वरची काच उचलली, दिव्यासमोर तिरपी धरली, डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. लॅबमध्ये तडा गेलेला इन्सुलेटर तपासायचे तशी. मग अगदी हळू, फक्त माईंनाच ऐकू जावं तसं विचारलं:

“का, रत्ना?”

माईंनी त्यांच्या हातातली काच काढून घेतली.

“हेमंत गेल्यावर तुम्ही महिनाभर माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतंत,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी फोटो हातात घेऊन धावत स्वयंपाकघरात आलात आणि मला ‘रत्ना’ अशी हाक मारलीत. लेक तर गेलाच होता हो. मला तुम्ही परत हवे होतात.”